म्हाडाची सोडत, पंतप्रधान आवास आणि दोघांच्या नावावरचं घर: अर्जाआधीपासून ताब्यापर्यंत

सोडतीच्या यादीत नाव आलं की घरात पेढे वाटले जातात. खरी धावपळ त्यानंतर सुरू होते, आणि लागलेलं घर हातचं जातं तेही त्यानंतरच. कारणं फिरून फिरून तीच असतात. एक तर उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा कागद अटीत बसत नाही, नाहीतर स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम मुदतीत उभी राहत नाही. या दोन्ही गोष्टी सोडतीआधी मार्गी लावता येतात. म्हणून या लेखात अर्ज कसा भरायचा यापेक्षा अर्जाआधी काय करायचं यावर जास्त भर आहे. घर कुणाच्या नावावर घ्यायचं हाही त्यातलाच प्रश्न. बहुतेक घरांत तो शेवटच्या दिवशी, निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसून सोडवला जातो. तो आधी सोडवायचा असतो.

कोणती योजना आपल्यासाठी

महाराष्ट्रात सरकारी मदतीने घर घेण्याचे मार्ग तीन-चार आहेत आणि ते एकमेकांत मिसळतात, त्यामुळे गोंधळ होतो.

पहिला मार्ग म्हाडाने स्वतः बांधलेल्या घरांचा. म्हाडाची मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि अमरावती अशी गृहनिर्माण मंडळं आहेत आणि प्रत्येक मंडळाची सोडत वेगळी निघते. कल्याण, ठाणे, विरार ही ठिकाणं कोकण मंडळात येतात, मुंबई मंडळात नाहीत. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर पुणे मंडळात येतात. मुंबई मंडळाच्या जाहिरातीची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत डोंबिवलीची सोडत निघून जाते, ती या विभागणीमुळे.

दुसरा मार्ग २० टक्के सर्वसमावेशक योजनेचा. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिका क्षेत्रात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर खासगी विकासक गृहप्रकल्प उभा करत असेल, तर त्यातली २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. ही घरं म्हाडाच्या सोडतीतून दिली जातात. बाजारभावाच्या तुलनेत ती फार स्वस्त पडतात, म्हणून अर्जांची गर्दी इथेच जास्त. पण इथे म्हाडाचं काम मुख्यतः पात्रता आणि सोडतीपुरतं असतं. पैसे विकासकाकडे भरायचे, करारनामा त्याच्याशी, ताबाही त्याच्याकडून. इमारत अजून बांधली जात असेल तर ताबा लांबण्याचा धोका खासगी प्रकल्पाइतकाच. अर्जाआधी प्रकल्पाचा महारेरा क्रमांक (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक) महारेराच्या संकेतस्थळावर टाकून पूर्णत्वाची तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली गेली ते पाहा.

तिसरा मार्ग ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’. सोडतीत न गेलेली घरं, उदाहरणार्थ कोकण मंडळाची विरार-बोळींजमधली, या पद्धतीने विकली गेली आहेत. इथे नशिबाचा भाग नाही आणि अटीही बऱ्याच सैल असतात. दहा वर्षं फक्त हव्या त्या जागेच्या सोडतीत अर्ज करत राहण्यापेक्षा थोडं दूरचं पण तयार घर घेणं अनेक कुटुंबांना परवडतं. भाड्याचा हिशेब करून पाहा. दरमहा १२,००० रुपये भाडं म्हणजे पाच वर्षांत ७ लाख २० हजार.

नवी मुंबईत सिडको स्वतःची सोडत स्वतःच्या संकेतस्थळावर काढते. म्हाडाची नोंदणी तिथे चालत नाही.

आणि या सगळ्याला समांतर आहे पंतप्रधान आवास योजना, शहरी २.०. ती १ सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. तिच्यातून घर मिळतंच असं नाही, पैसे मिळतात: कधी घराच्या किमतीत अनुदान म्हणून, कधी कर्जाच्या व्याजावर. तिच्याबद्दल पुढे सविस्तर येईल, कारण गैरसमज सर्वांत जास्त तिथेच आहेत.

उत्पन्न गट: शब्द एकच, आकडे वेगळे

म्हाडासाठी पती-पत्नीचं मिळून वर्षाचं उत्पन्न धरतात. मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेशात आणि दहा लाखांहून मोठ्या शहरांत ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यावर उच्च गट. बाकी महाराष्ट्रात अत्यल्प गटाची मर्यादा ४ लाख ५० हजार आणि अल्प गटाची ७ लाख ५० हजार आहे. अत्यल्प गटाचं घर ३० चौरस मीटरपर्यंत म्हणजे साधारण ३२३ चौरस फूट चटई क्षेत्राचं (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचं), अल्प गटाचं ६० चौरस मीटरपर्यंत, सुमारे ६४५ चौरस फूट.

पंतप्रधान आवासमध्ये हेच शब्द आहेत पण मर्यादा ३ लाख, ६ लाख आणि ९ लाख. म्हाडात ‘अल्प’ असलेलं ८ लाख ५० हजारांचं कुटुंब तिथे ‘मध्यम’ ठरतं. दोन अर्जांत दोन वेगळे गट लिहिले म्हणून घाबरू नका. उत्पन्नाचा आकडा मात्र दोन्हीकडे एकच हवा.

वर्ष कोणतं, यावर सर्वांत जास्त अर्ज अडखळतात. जाहिरातीत ‘आर्थिक वर्ष २०२४-२५’ असं लिहिलं असेल, तर त्याचं विवरणपत्र ‘कर निर्धारण वर्ष २०२५-२६’ या मथळ्याखाली असतं. घाईत लोक मथळा पाहून एक वर्ष आधीचं विवरणपत्र जोडतात. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरही तेच आर्थिक वर्ष स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि उत्पन्न मर्यादेच्या काठावर असेल तर बँकेतल्या ठेवींचं व्याज विसरू नका. पगार ८ लाख ९५ हजार आणि व्याज १२ हजार, की कुटुंब अल्प गटातून बाहेर. असं कुटुंब खोटा आकडा टाकून अल्प गटात अर्ज करतं, पडताळणीत सापडतं आणि सगळंच गमावतं. मध्यम गटात अर्ज केला असता तर निदान घराची आशा राहिली असती.

कागद: जाहिरात यायच्या आधी

म्हाडाच्या २०२३ पासूनच्या ऑनलाइन प्रणालीत कागदपत्रांची तपासणी सोडतीच्या आधी होते. नोंदणी वर्षभर खुली असते, जाहिरातीची वाट पाहावी लागत नाही. म्हणजे आज बसून प्रोफाइल पूर्ण करून ठेवता येतं, आणि तेच करावं.

आधार आणि पॅन, दोघांचेही. आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा, कारण सगळे ओटीपी त्यावर येतात. दोन्ही कार्डांवर नाव अक्षरशः सारखं हवं. एकावर वडिलांचं नाव मधे आणि दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, किंवा लग्नानंतर आधार बदललं पण पॅन माहेरच्या नावाचं, अशा ठिकाणी प्रणाली अडते. आधी पॅन दुरुस्त करून घ्या. त्याला काही दिवस जातात, ते जाहिरातीच्या मुदतीत घालवू नका.

अधिवास दाखला बारकोड असलेला आणि १ जानेवारी २०१८ नंतर दिलेला लागतो. कपाटातला जुना, हाताने भरलेला, गोल शिक्क्याचा दाखला खरा असला तरी इथे चालत नाही. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून नवा काढा. कागदोपत्री मुदत साधारण १५ दिवसांची असते, पण जून-जुलैत शाळा-कॉलेज प्रवेशांमुळे तहसील कार्यालयात दाखल्यांचा ढीग असतो. दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत काढला तर डोक्याला ताप कमी.

विवरणपत्र भरत असाल तर तेच उत्पन्नाचा पुरावा. भरत नसाल तर तहसीलदारांचा दाखला. जोडीदाराला उत्पन्न नसेल तर तसं नोंदवावं लागतं, रकाना रिकामा ठेवून चालत नाही. घटस्फोटितांना न्यायालयाचा हुकूमनामा जोडावा लागतो. नुसतं ‘विभक्त राहतो’ म्हणून भागत नाही. कायद्याने लग्न टिकून असेल तर जोडीदाराचं उत्पन्न आणि मालमत्ता दोन्ही मोजली जातात.

आरक्षित प्रवर्गातून अर्ज करणार असाल (अनुसूचित जातीसाठी ११ टक्के आणि जमातीसाठी ६ टक्के घरं राखीव असतात, शिवाय दिव्यांग, माजी सैनिक, पत्रकार, कलावंत असे आणखीही प्रवर्ग आहेत), तर जातीचा दाखला आणि पडताळणीची अट माहिती पुस्तिकेत नीट वाचा. प्रवर्गाचा पुरावा देता आला नाही तर त्या प्रवर्गात लागलेलं घर राहत नाही.

आधीचं घर असेल तर

म्हाडाची अट अशी: ज्या शहरात घर हवं, त्या महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत अर्जदाराच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर घर नको. पंतप्रधान आवासची अट फार कडक आहे. पती, पत्नी आणि अविवाहित मुलं यांपैकी कुणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नको, आणि गेल्या २० वर्षांत कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको.

आता गावाकडचं बघू. वडील गेले, साताऱ्याकडच्या गावातल्या घराच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर (ग्रामपंचायतीकडच्या घरनोंदीवर) तिघा भावांची नावं लागली. धाकटा भाऊ ठाण्यात भाड्याने राहतो. त्याला म्हाडाच्या अटीची अडचण नाही, कारण घर ठाण्याच्या हद्दीत नाही. पंतप्रधान आवासमध्ये मात्र ते नाव आडवं येतं. घर अजून वडिलांच्याच नावावर असतं आणि वडील हयात असते, तर त्याचं कुटुंब वेगळं धरून तो पात्र ठरू शकला असता. तेव्हा अर्जाआधी गावच्या ग्रामसेवकाकडून उतारा मागवून स्वतःच्या डोळ्यांनी नावं वाचा. ‘आपलं नाव लावलेलं नाही’ असं भावाने फोनवर सांगितलं, त्यावर प्रतिज्ञापत्र करू नका.

घर कुणाच्या नावावर

तीन पर्याय आहेत: एकट्या नवऱ्याच्या, एकट्या बायकोच्या, किंवा दोघांच्या. लोक हा निर्णय भावनेवर किंवा सवयीने घेतात. त्यामागे चार हिशेब आहेत.

पहिला, पंतप्रधान आवासचा. या योजनेत घर कुटुंबातल्या प्रौढ स्त्रीच्या नावावर किंवा तिच्यासह संयुक्त नावावर असणं अपेक्षित आहे. घरात प्रौढ स्त्रीच नसेल तरच एकट्या पुरुषाच्या नावावर. म्हणजे व्याज अनुदान हवं असेल तर पहिला पर्याय बाद.

दुसरा, मुद्रांक शुल्काचा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून निवासी घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पण खरेदीदार फक्त स्त्री किंवा स्त्रियाच असायला हव्यात. नवऱ्याचं नाव बरोबर आलं की सवलत गेली. आधी अशी अट होती की ते घर १५ वर्षं पुरुषाला विकता येत नाही. ती २०२३ मध्ये काढली.

तिसरा, आयकराचा. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरचं वर्षाला २ लाखांपर्यंतचं व्याज वजा करता येतं, आणि सहमालक व सहकर्जदार असलेल्या प्रत्येकाला ही मर्यादा वेगळी मिळते. म्हणून ‘दोघांच्या नावावर घ्या, कर वाचेल’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो मोठ्या कर्जाला लागू पडतो. साडेआठ टक्के दराने वर्षाचं व्याज २ लाखांच्या वर जायला कर्ज साडेतेवीस लाखांच्या पुढे असावं लागतं. वीस लाखांच्या कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याज १ लाख ७० हजारांच्या आसपास, ते एकालाच पूर्ण वजा करता येतं. आणि नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मुळातच नाही. परवडणाऱ्या घरासाठी कर हे संयुक्त नावाचं कारण होऊ शकत नाही. एक चूक मात्र टाळा: घर बायकोच्या नावावर आणि हप्ते नवऱ्याच्या पगारातून. नवरा मालक नसल्यामुळे त्याला वजावट मिळत नाही.

चौथा हिशेब सुरक्षिततेचा, आणि आमच्या मते तोच सगळ्यांत मोठा. घरखर्चातून, दागिने मोडून, माहेरून आणून पैसे दोघांचे लागतात. करारनाम्यावर नाव एकाचंच असेल तर दुसऱ्याचा वाटा कागदावर शून्य असतो. सोसायटीत नामनिर्देशन केलं म्हणून नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. वारसांचा हक्क तसाच उभा राहतो, आणि नवऱ्याच्या पश्चात सासू, दीर, मुलं यांच्यात कागद फिरत राहतात. संयुक्त नाव असेल तर निदान अर्ध्या घराबद्दल वाद उरत नाही. बाकी अर्ध्यासाठी दोघांनीही साधं मृत्युपत्र करावं. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर होतं, त्याला मुद्रांक लागत नाही.

म्हणून आमचं मत असं: दोघं कमावते असतील तर संयुक्त नाव घ्या आणि १ टक्का सवलत सोडून द्या. बायकोचं स्वतःचं उत्पन्न कर्जाला पुरेसं असेल, किंवा नवऱ्याच्या धंद्यावर कर्जं असतील, तर एकट्या बायकोच्या नावावर. करारनाम्यात हिस्सा लिहून घ्या, ‘५० टक्के व ५० टक्के’ असं. न लिहिल्यामुळे पुढे पैसा कुणी किती घातला याचे पुरावे शोधत बसावं लागतं.

म्हाडात देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचं पत्र, ज्याने अर्ज केला त्याच्या नावाने निघतं. म्हणून अर्ज कुणी करायचा हेही इथेच ठरतं. जोडीदाराचं नाव घालायचं असेल तर ते मंडळाच्या मिळकत व्यवस्थापकांकडे करारनाम्याच्या नोंदणीच्या आधी मागून घ्या. नंतर नाव घालायचं तर बक्षीसपत्र करावं लागतं. पती-पत्नीतल्या निवासी घराच्या बक्षीसपत्राचं मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये असलं तरी स्थानिक अधिभार, म्हाडाची परवानगी आणि बँकेची संमती या तीन पायऱ्या वाढतात.

खिशातून किती

धरा की कल्याणजवळ अल्प उत्पन्न गटाचं घर आहे, किंमत २२ लाख. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाख ५० हजार.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. म्हणजे १९ लाख ८० हजार. उरलेले २ लाख २० हजार तुमचे. मुद्रांक शुल्क ठाणे जिल्ह्याच्या शहरी भागात ७ टक्के, म्हणजे १ लाख ५४ हजार (एकट्या स्त्रीच्या नावावर १ लाख ३२ हजार). नोंदणी शुल्क १ टक्का म्हणजे २२ हजार, आणि घर कितीही महाग असलं तरी हे शुल्क ३० हजारांच्या वर जात नाही. मुद्रांक आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही, फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना तिथे सूट आहे. बेरीज झाली ३ लाख ९६ हजार. बँकेचं प्रक्रिया शुल्क, देखभालीचा आगाऊ आकार, वीजजोडणी, दरवाजाला जाळी, पंखे-दिवे धरून साडेचार लाख रोख किंवा ठेवीत असावेत. ‘दहा टक्केच तर भरायचे’ म्हणून दोन-सव्वादोन लाखांवर अर्ज करणारे इथे अडतात आणि मग वैयक्तिक कर्ज काढतात. ते कर्ज पत अहवालात (तुमच्या कर्जांच्या आणि फेडीच्या नोंदीत) दिसतं, गृहकर्जाची पात्रता घटवतं, आणि एकातून दुसरी अडचण निघते.

हप्ता: साडेआठ टक्के दर, २० वर्षं, १९ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला सुमारे १७,२०० रुपये.

इमारत पूर्ण आणि भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगीचा दाखला) मिळालेली असेल तर जीएसटी नाही. २० टक्के योजनेत बांधकाम चालू असेल तर लागतो: किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत (पुणे, नाशिक, नागपूरसारख्या ठिकाणी ९०) असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. विकासकाने जास्त मागितला तर हा नियम दाखवा.

बँकेत सोडतीआधीच जाऊन तत्त्वतः मंजुरी घ्या. त्याला घर ठरलेलं लागत नाही, पगाराचे कागद लागतात. पत अहवालात चुकून लागलेला जुना क्रेडिट कार्डाचा बाकी आकडा काढून टाकायला महिना-दोन महिने लागू शकतात, आणि ते देकार पत्राच्या मुदतीत बसत नाहीत.

अर्ज आणि सोडत

जाहिरात आली की पहिल्यांदा किंमत पाहू नका. संकेत क्रमांक (जाहिरातीत त्या योजनेला दिलेला क्रमांक), ठिकाण, इमारत तयार आहे की बांधकाम चालू, आणि तुमच्या गटात व प्रवर्गात किती घरं आहेत ते पाहा. शंभर घरांची योजना असली तरी तुमच्या प्रवर्गाला त्यात दोनच असू शकतात. जागेवर एकदा जाऊन या, शक्यतो संध्याकाळी सहा-सातला. स्टेशनपासून रिक्षा मिळते का, शेजारच्या इमारतीत पाणी किती वेळ येतं, टँकर उभे असतात का, हे वॉचमन आणि किराणा दुकानदार सरळ सांगतात.

अनामत रक्कम भरताना परताव्याचा खाते क्रमांक आणि आयएफएससी अर्जदाराच्या स्वतःच्या, सध्या वापरात असलेल्या खात्याचा द्या. घर लागलं नाही तर रक्कम तिथेच परत येते. अर्ज शुल्क परत मिळत नाही. वेगवेगळ्या संकेत क्रमांकांना अर्ज करता येतो, पण प्रत्येकाची अनामत वेगळी अडकते. शिवाय एका कुटुंबाला घर एकच ठेवता येतं. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ संथ होतं, पैसे कापले जातात पण पावती निघत नाही. चार दिवस आधी भरा आणि पावतीची प्रत ठेवा.

म्हाडाने कोणताही दलाल नेमलेला नाही. सोडत संगणकावर निघते. ‘कोट्यातून करून देतो’ म्हणणाऱ्याला दिलेला एक रुपयाही कुठल्या कार्यालयात पोहोचत नाही.

नाव लागल्यावर प्रोफाइलमध्ये आणि मोबाइलवर सूचना येते. स्वीकृती मुदतीत कळवायची, मग तात्पुरतं देकार पत्र मिळतं, त्यात हप्त्यांच्या तारखा असतात. त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. कर्जासाठी लागणारं ना हरकत प्रमाणपत्र त्याच दिवशी मागा, कारण ते आल्याशिवाय बँकेची फाइल हलत नाही. मुदत संपत आली आणि बँकेचं काम अडलं असेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी द्या. प्रतीक्षा यादीत असाल तर मोबाइल क्रमांक बदलू नका. २० टक्के योजनेत विकासक नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. रेरा कायदाच तसं सांगतो.

व्याज अनुदान नेमकं किती

पंतप्रधान आवास शहरी २.० मधलं व्याज अनुदान ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत, आणि कर्ज १ सप्टेंबर २०२४ नंतर मंजूर होऊन वितरित झालेलं हवं. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के, १२ वर्षांपर्यंत. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये, थेट कर्जखात्यात.

पूर्वीच्या योजनेत अनुदान एकरकमी कर्जातून वजा व्हायचं, ते डोक्यात ठेवून अनेकजण आजही ‘पावणेतीन लाख मिळतील’ असं धरून चालतात. आता तसं नाही. आणि पुढचे हप्ते मिळायला कर्ज चालू असावं लागतं, त्याच्या मुदलापैकी निम्म्याहून जास्त बाकी असावं लागतं, आणि हप्ते थकलेले नसावेत. दुसऱ्या वर्षी गावची जमीन विकून अर्ध्याहून जास्त कर्ज फेडलं तर उरलेलं अनुदान गेलं. फेडायला हरकत नाही, पण हिशेब करून फेडा.

एका कुटुंबाला या योजनेच्या एकाच घटकाचा लाभ मिळतो. म्हाडाच्या काही अत्यल्प गटाच्या घरांत केंद्राचं १ लाख ५० हजार आणि राज्याचं १ लाख असं अडीच लाखांचं अनुदान किमतीतच धरलेलं असतं. तसं घर घेतलं तर व्याज अनुदान वेगळं मागता येत नाही. जाहिरातीत ‘पंतप्रधान आवास योजनेअंतर्गत’ असे शब्द दिसले की हे लक्षात ठेवा, आणि त्या घरासाठी भारतात कुठेही पक्कं घर नसण्याची अट लागू आहे हेही.

अर्ज योजनेच्या एकत्रित पोर्टलवर करायचा, कुटुंबातल्या सगळ्यांचे आधार क्रमांक लागतात. कर्ज घेताना बँकेला तोंडी सांगून थांबू नका, अर्जाचा क्रमांक फाइलला लावा.

ताबा घेताना

ताबा पावतीवर सही करायच्या आधी एक तास घरात घालवा. दोन बादल्या पाणी न्हाणीघरात ओता. पाणी नहाणी ट्रॅपकडे जातं की उंबऱ्याकडे येतं ते पाहा. उतार उलटा असेल तर पुढे खालच्या घराच्या छताला ओल येणार आणि भांडण तुमच्याशी होणार. फरशीवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज आला तिथे खाली माल भरलेला नाही. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत रंग फुगलेला दिसला तर पावसाचं पाणी आत येतंय. मोबाइलचा चार्जर प्रत्येक सॉकेटला लावून पाहा. वीज मीटरचा क्रमांक आणि सदनिकेचा क्रमांक जुळतो का पाहा, कारण शेजाऱ्याचं मीटर आपल्या नावावर लागल्याचं दोन बिलांनंतर कळतं. त्रुटी ताबा पावतीसोबत लेखी द्या आणि पोच घ्या. रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पात ताब्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामाचे दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात.

ताब्यापासून पाच वर्षं म्हाडाचं घर विकता येत नाही. कुलमुखत्यारपत्रावर किंवा साध्या स्टॅम्प पेपरवर ‘विकलेलं’ घर म्हाडाच्या लेखी तुमचंच राहतं, वाटप रद्द होण्याचा धोका तुमचा, आणि घेणाऱ्याचे पैसे बुडतात.

सोसायटी झाली की जमीन साधारणपणे भाडेपट्ट्याने आणि इमारत विक्री करारनाम्याने संस्थेकडे येते. म्हणजे सदनिका तुमची, पण जिना, गच्ची, टाकी, जमीन यांची मालकी सगळ्यांची मिळून. भागप्रमाणपत्रावर (सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर) दोघांची नावं करारनाम्यातल्याच क्रमाने आली आहेत ना, ते पहिल्याच सभेत तपासा. २० टक्के योजनेत मोठ्या संकुलात घर लागलं असेल तर देखभाल खर्च अर्जाआधीच विचारा. क्लब, तरणतलाव, चार लिफ्ट असलेल्या इमारतीत तो महिन्याला काही हजारांत जातो, आणि तो हप्त्यात मोजलेला नसतो. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाला १७,२०० रुपये हप्ता झेपतो. त्यात दरमहा ४,००० देखभाल मिळवली की २१,२०० होतात. ती बेरीज झेपत असेल तरच त्या संकेत क्रमांकाला अर्ज करा.